पांढऱ्या बुरशीचा निरोप

फाल्गुन वद्य अमावास्येला वढू बुद्रुकला पाय ठेवायला जागा नसते. शके १६१० मधील याच तिथीला, म्हणजे ११ मार्च १६८९ रोजी, छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. वढूला त्यांची समाधी आहे, आणि जवळच तुळापूरला भीमा, भामा व इंद्रायणी यांचा संगम. या दिवशी दूरदूरची माणसे येथे येतात. आमचे या गावाशी असलेले नाते मात्र घरगुती आहे: आमच्या आत्या तेथे नांदतात. अमावास्येला जावे, समाधीचे दर्शन घ्यावे, रात्री आत्यांकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला गुढीपुढे कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर चावून परतावे, असा आमचा अनेक वर्षांचा क्रम.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका पाडव्याला आत्यांनी आमच्या हातावर पाला आणि गूळ ठेवला, स्वतः मात्र नुसता पाला खाल्ला. विचारले तर म्हणाल्या, "मला गूळ चालत नाही आता. आतड्यात बुरशी झालीय म्हणे माझ्या." स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर एक छापील कागद चिकटवलेला होता. डाव्या बाजूस वर्ज्य पदार्थ: साखर, गूळ, मैदा, भात, बटाटा, केळी, चिकू, दही, ताक, इडली, आंबील, लोणचे, पाव. उजव्या बाजूस चालणारे: दुधी, पालेभाज्या, लसूण, खोबरेल तेल, कडुनिंब. खाली पुरवणी म्हणून घ्यायच्या गोळ्या व थेंबांची नावे, आणि ती कागद देणाऱ्याकडूनच घ्यावीत अशी सूचना.

निदान कसे झाले, तेही आत्यांनी सांगितले. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरण्याआधी, पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात थुंकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. थुंकीचे धागे खाली लोंबू लागले की समजायचे, कँडिडा वाढली. आम्ही मुकाट्याने घरी येऊन ही चाचणी स्वतःवर करून पाहिली. धागे लोंबले. घरातील प्रत्येकाचे लोंबले. लाळेत म्हणजे मुळात पाणी आणि चिकट श्लेष्मद्रव्य असते; ते पाण्यात टाकल्यावर लोंबणारच. परंतु आत्यांचा थकवा खरा होता, जिभेवरील पांढरा थर खरा होता, आणि घरातल्या बायकांनाच काय ते त्यांनी सांगितलेली खाजही खरी होती. खऱ्या दुःखाला कोणीतरी प्रथमच एक नाव दिले होते. त्या नावाचा आणि त्या कागदाचा इतिहास शोधावा असे आम्हांस वाटले. तो शोध आम्हांला फार लांब नेईल असे वाटले होते. त्याचा एक महत्त्वाचा दुवा वढूपासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर, पिंपरीत निघाला.

*

कँडिडा अल्बिकन्स या नावात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. लॅटिनमध्ये कँडिडा म्हणजे शुभ्र, आणि अल्बिकन्स म्हणजे पांढरी होत जाणारी. रोममध्ये निवडणुकीस उभा राहणारा मनुष्य शुभ्र झगा घालून फिरे, त्यावरून उमेदवाराला युरोपीय भाषांनी 'कँडिडेट' हे नाव दिले. तोच हा शब्द. ही बुरशी ज्या प्रजातीत मोडते, तिला हे नाव क्रिस्टीन बर्खाउट या डच संशोधिकेने १९२३ मध्ये आपल्या प्रबंधात दिले. त्यापूर्वी ती ओइडियम, मोनिलिया अशा नावांनी हिंडत होती. तिने होणारा विकार मात्र फार जुना आहे. आजारी माणसाच्या तोंडात उठणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांचा उल्लेख हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा थर आला की 'तोंड आले' म्हणत. आजीबाईच्या बटव्यातून टाकणखाराची लाही निघे आणि ती मधात कालवून बाळाच्या तोंडास लावत. टाकणखार विषारी आहे आणि एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे आहे हे आज कळते, म्हणून ते करू नये. पण त्या आजीबाईंना विकार ओळखता येत होता, यात शंका नाही.

या बुरशीच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ एका चुकीने होतो. १८३९ मध्ये बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन वैद्याने तापाने मेलेल्या एका रोग्याच्या घशातील व अन्ननलिकेतील पांढऱ्या थरात बुरशी पाहिली आणि वर्णिली. पाहणे बिनचूक होते. अनुमान मात्र असे की, त्या तापाचे कारण ही बुरशीच असावी. रोगी तापाने खंगला होता म्हणून बुरशी माजली होती. लांगेनबेकने ती माजली म्हणून ताप आला असे मानले. पुढील काही दशकांत वैद्यकाने ही चूक दुरुस्त केली. फ्रान्समधील आर्मां त्रुसो यांच्यासारख्या वैद्यांनी दाखवून दिले की, हा विकार सशक्त माणसाला सहसा गाठत नाही. आधी दुसरा काही रोग किंवा अशक्तपणा असतो, आणि बुरशी त्याच्या मागून येते.

हा मुद्दा या लेखाचा कणा असल्याने तो थोडा स्पष्ट करतो. निरोगी माणसांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या तोंडात वा आतड्यात कँडिडा असतेच. ती तेथे भाडेकरूसारखी राहते. शेजारचे जिवाणू, शरीराची प्रतिकारशक्ती आणि अखंड त्वचा या तिघांच्या वचकात तिचे फारसे चालत नाही. यांपैकी एखादा पहारा उठला की ती पसरते. म्हणजे बहुतेक वेळा कँडिडा ही निरोप घेऊन येणारी असते: घरात दुसरे काहीतरी बिघडले आहे, असा निरोप. निरोप्यालाच चोर समजणे ही लांगेनबेकची चूक. पुढील दीडशे वर्षांत ती पुन्हा एकदा, आणि फार मोठ्या प्रमाणावर, होणार होती.

*

पहारा उठवण्याचे काम विसाव्या शतकात माणसाने स्वतःच केले, तेही एका उत्तम हेतूने. १९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले, दुसऱ्या महायुद्धात ते कारखान्यात बनू लागले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑरिओमायसिन, टेरामायसिन अशी अनेक प्रकारच्या जिवाणूंना एकदम मारणारी औषधे आली. न्यूमोनिया, विषमज्वर, प्रसूतिज्वर यांनी माणसे मरणे कमी झाले. त्याचबरोबर डॉक्टरांना एक नवे दृश्य दिसू लागले: रोगी मूळ आजारातून उठतो आणि तोंडात, घशात, योनिमार्गात पांढरी बुरशी घेऊन घरी जातो. शेजारचे जिवाणू मेल्यामुळे भाडेकरूला सगळा वाडा मोकळा मिळाला होता.

बुरशीवर औषध हवे होते. ते न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील दोन स्त्रियांनी शोधले. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्कमध्ये मातीचे नमुने तपासत, आणि रेचल ब्राउन या आल्बनीत त्यांतील रसायने वेगळी करत. दोघींचा व्यवहार टपालाने चाले. व्हर्जिनियातील नर्स नावाच्या कुटुंबाच्या शेतातील मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, त्याला त्या कुटुंबाचे नाव मिळाले. आणि १९५० मध्ये जाहीर झालेल्या औषधाला पुढे न्यूयॉर्क राज्याच्या आद्याक्षरांवरून निस्टाटिन हे नाव पडले. या औषधाच्या स्वामित्वशुल्कातून आलेले एक कोटी डॉलरांहून अधिक धन दोघींनी स्वतःसाठी न घेता संशोधनाला देऊन टाकले. टेट्रासायक्लिन आणि निस्टाटिन यांची एकत्र गोळीही नंतर निघाली: एकाने जिवाणू मारायचे, दुसऱ्याने त्यामुळे माजणारी बुरशी.

आता पिंपरी. स्वतंत्र भारताने पेनिसिलिन स्वतः बनवायचे ठरवले, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी म्हणतो, तिच्या पायाचा हा एक मोठा दगड. आसपासची माणसे तिला नुसते 'एच. ए.' म्हणतात, एच. ए. कॉलनी, एच. ए. मैदान ही नावे अजून तोंडी आहेत. या कारखान्याला जोडून एक संशोधन केंद्र होते आणि तेथे मंडयम जीयरसन्निधी तिरुमलाचार हे म्हैसूरकडचे कवकशास्त्रज्ञ संशोधनाची धुरा वाहत होते. मूळचा त्यांचा अभ्यास पिकांवरील बुरशींचा. १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका स्ट्रेप्टोमायसीसपासून बुरशीनाशक औषध मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्या सूक्ष्मजीवाचे नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना, आणि औषधाचे नाव हॅमायसिन. पहिल्यात गावाचे नाव आहे, दुसऱ्यात कंपनीची आद्याक्षरे. न्यूयॉर्कच्या बाबतीत जे झाले, तेच येथे झाले. तिरुमलाचार यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारही मिळाला.

हॅमायसिनकडून मोठ्या अपेक्षा होत्या. शरीरात खोलवर शिरणाऱ्या बुरशींवर ते चालेल काय, याचे प्रयोग अमेरिकेतही झाले. पण ते पाण्यात विरघळत नसे आणि आतड्यातून रक्तात नीट शोषले जात नसे. म्हणून त्याचा उपयोग मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला: तोंडातील पांढरे चट्टे, योनिमार्गातील कँडिडा, कानातील बुरशी. याच केंद्रातून निघालेले ऑरिओफंजिन पिकांवरील बुरशीसाठी वापरले गेले. पुढे क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल अशी सोयीची औषधे आली, हॅमायसिन मागे पडले, आणि स्वतः कारखानाही १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला.

पिंपरीच्या या कहाणीत एक गंमत आहे. पेनिसिलिन हे बुरशीपासून मिळणारे औषध, ते जिवाणूंना मारते. हॅमायसिन हे मातीतल्या जिवाणूपासून मिळणारे, ते बुरशीला मारते. बुरशी आणि जिवाणू यांचे भांडण पृथ्वीवर माणूस येण्यापूर्वीपासून चालू आहे, आणि एका कुंपणाच्या आत आपण त्या भांडणातील दोन्ही पक्षांची शस्त्रे गोळा करत होतो. कँडिडाचा 'उपद्रव' म्हणजे त्या भांडणात आपण एका बाजूने घातलेला हात होता. पिंपरीच्या संशोधकांना हे ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने कँडिडा हा ठरावीक जागी, ठरावीक कारणाने होणारा, डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला दिसणारा विकार होता.

*

मग आत्यांच्या फडताळावरचा कागद कोठून आला?

तो आला अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरातून. तेथील ओरियन ट्रस नावाच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये एका नियतकालिकात असे मांडले की, नैराश्य, थकवा, डोकेदुखी, पाळीपूर्वीचा त्रास अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी शरीरातील कँडिडा असते, आणि निस्टाटिन व साखरवर्जित आहार यांनी रोगी बरे होतात. १९८३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी टेनेसीतील बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रूक यांचे 'द यीस्ट कनेक्शन' आले आणि ते तुफान खपले. त्यात वाचकाने स्वतः भरायची प्रश्नावली होती. थकता का? पोट फुगते का? गोड खावेसे वाटते का? दमट हवेत त्रास वाढतो का? या प्रश्नांना नाही म्हणणारा मनुष्य भाग्यवान समजावा. लांगेनबेकची चूक दीडशे वर्षांनी परत आली होती. एक फरक होता: लांगेनबेकने निदान बुरशी डोळ्यांनी पाहिली होती.

क्रूक आणि ट्रस यांना आम्ही ठक समजत नाही. त्यांच्याकडे येणारे रोगी, आणि विशेषतः स्त्रिया, 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य अनेक दवाखान्यांत ऐकून आलेल्या होत्या. त्यांचे ऐकून घेणारा डॉक्टर भेटला, हेच त्यांना अर्धे औषध होते. उरलेल्या अर्ध्याचे काय, हे मात्र तपासावे लागते. १९८६ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने हा सिद्धान्त अप्रमाणित ठरवला. १९९० मध्ये त्याच बर्मिंगहॅम शहरातील विद्यापीठात विल्यम डिस्म्यूक्स आणि सहकाऱ्यांनी ४२ स्त्रियांवर प्रयोग केला. कोणाला केव्हा निस्टाटिन आणि केव्हा नुसती निष्क्रिय गोळी मिळते आहे, हे ना रोग्यांना ठाऊक होते ना डॉक्टरांना. योनिमार्गातील लक्षणे निस्टाटिनने अधिक कमी झाली. ती होणारच होती, कारण तेथे कँडिडा खरोखर होती. परंतु थकवा, खिन्नता इत्यादी लक्षणे निस्टाटिनने जितकी कमी झाली, तितकीच निष्क्रिय गोळीनेही झाली.

येथे हा विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण एव्हाना डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नसलेल्या पुरवण्यांचा बाजार उभा राहिला होता. नारळातील कॅप्रिलिक आम्ल, लसूण, पुदिन्याच्या जातकुळीतल्या ओरेगॅनोचे तेल, जिवाणूंच्या कुप्या. यांतील बरेच पदार्थ काचेच्या बशीत कँडिडाला मारतात, हे खरे आहे. काचेच्या बशीत मिठाचे दाट पाणीही पुष्कळ जंतूंना मारते. माणसाच्या शरीरात काय होते, हा प्रश्न वेगळा. मेलबर्नमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लसणाच्या गोळ्यांनी योनिमार्गातील कँडिडा निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक कमी झाल्याचे आढळले नाही. ऑस्ट्रेलियातच २००४ मध्ये अँटिबायोटिकबरोबर लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिले, त्यानेही नंतरची बुरशी टळली नाही. उलट १९९२ मध्ये रोज दही खाणाऱ्या काही स्त्रियांत वारंवार होणारा विकार कमी झाल्याचे दिसले होते. पण तो प्रयोग फार लहान होता आणि बऱ्याच जणी तो मध्येच सोडून गेल्या. आमच्या घरच्या कागदाकडे पाहा: डाव्या बाजूस दही-ताक वर्ज्य, आणि खाली विकत घ्यायच्या कुपीत दह्या-ताकाच्याच घराण्यातले जिवाणू.

या सिद्धान्ताने आणखी एक जुनी गोष्ट उसनी घेतली, आणि आमच्या मते तीच सर्वांत घातक ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी ऑस्ट्रियाचे यारिश आणि जर्मनीचे हर्क्सहायमर या त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिले होते की, उपदंशाच्या रोग्याला पारा दिला की प्रथम त्याची लक्षणे काही काळ वाढतात. जंतू एकदम मेल्याने असे होते, आणि ते काही तासांत ओसरते. कँडिडा-आहाराच्या प्रचारकांनी याचे रूपांतर एका कायमच्या पळवाटेत केले. बरे वाटले तर आहार लागू पडला, आणि बरे वाटले नाही तर बुरशी मरते आहे, म्हणजेही आहार लागू पडला. ज्या विधानाला कोणतीही घटना खोटे ठरवू शकत नाही, त्याला शास्त्र म्हणत नाहीत.

*

आहाराचा आणि या बुरशीचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण कागदात लिहिला होता तसा नाही. १९९९ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना भरपूर साखर खाऊ घालून त्यांच्या आतड्यातील कँडिडा वाढते का, हे पाहण्यात आले. परिणाम नगण्य निघाला. कारण साधे आहे: निरोगी मनुष्याने खाल्लेली साखर लहान आतड्यातच शोषली जाते आणि इन्सुलिन तिला मार्गी लावते. बुरशीच्या पदरात फारसे काही पडत नाही. मधुमेह असला की हिशेब बदलतो. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते, त्वचा व श्लेष्मल पटले गोड होतात, शिवाय प्रतिकार करणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणूनच जननेंद्रियांची वारंवार होणारी बुरशी, स्त्रीची असो वा पुरुषाची, ही कित्येकदा मधुमेहाची पहिली वर्दी असते. आजकाल मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे तर साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांतही हा त्रास दिसतो. अशा वेळी डॉक्टरांना सांगावे, संकोचाने औषध परस्पर बंद करू नये.

बुरशी आणि रक्तातील साखर यांचे नाते महाराष्ट्राने २०२१ मध्ये फार क्रूरपणे पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्यूकरमायकोसिसने, म्हणजे 'काळ्या बुरशी'ने, माणसांचे डोळे आणि जबडे नेले. कँडिडालाही तेव्हा वृत्तपत्रांनी 'पांढरी बुरशी' म्हणून त्याच रांगेत बसवले. काळ्या बुरशीच्या रोग्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळत: आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा. हवेत बुरशीचे बीज नेहमीच असते. त्या वर्षी ते उगवायला जमीन तयार झाली होती.

आणि ही जमीन आपल्याच भागातली आहे. शिरूर तालुक्यात चासकमानचे पाणी खेळले, दौंडमध्ये गुऱ्हाळांचे धूर दिसू लागले, जिराईत बाजरीच्या जागी ऊस आला. आत्यांच्या सासऱ्यांच्या काळी ज्या घरात गूळ सणाला येई, तेथे तो डब्यात कायमचा आला. शेतातले चालणे कमी झाले. साखर-गूळ यांना दोष देणारा तो कागद या घरात इतका पटला, त्याचे हेही एक कारण असावे: आपल्या ताटात काहीतरी बिघडले आहे हे माणसांना मनातून जाणवत असते.

दुसरे कारण आपल्या परंपरेत आहे. पथ्य ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट. पथ्य पाळले तर औषधाची गरज काय, आणि न पाळले तर औषधाचा उपयोग काय, असे 'वैद्यजीवना'त म्हणणारा लोलिंबराज; परंपरा त्याचे नाव आपल्या जुन्नरशी जोडते. पण त्या वैद्यकात पथ्य हे निदानाच्या मागून येत असे. वैद्य नाडी पाही, जीभ पाही, मलमूत्राची चौकशी करी, रोग ठरवी, आणि मग त्या रोगाचे पथ्य सांगे. प्रमेहाच्या रोग्याची लघवी गोड असते व तीवर मुंग्या येतात, हे प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवले आहे. आत्यांना मिळालेल्या कागदात पथ्य होते, निदान नव्हते. पथ्यावरचा आपला विश्वास वापरून निदानाची पायरीच गाळली गेली होती.

*

आता आत्यांविषयी. पहिल्या दोन महिन्यांत त्यांना पुष्कळ बरे वाटले. खाज थांबली, तरतरी आली. हे आम्ही नाकारत नाही, कारण त्याचा अर्थ आम्हांला नंतर कळला. त्यांना मधुमेह होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता. गूळ, भात, बटाटा बंद झाल्याने रक्तातील साखर उतरली, म्हणून बुरशी हटली. उपाय थोडासा लागू पडला होता, पण ज्या कारणाने पडला ते कारण कागदावर नव्हते. सारे श्रेय कुपीतल्या थेंबांना गेले. वर्षभरात त्रास परतला, तेव्हा कारण शोधण्याऐवजी यादी वाढवली गेली. फळे गेली, डाळी गेल्या. वजन झपाट्याने उतरू लागले, त्याचे कौतुक झाले. थकवा वाढला, तेव्हा सांगण्यात आले की बुरशी मरते आहे, धीर धरा. पुढल्या अमावास्येला आम्ही गेलो तेव्हा आत्या ओळखू येईनात. समाधीपर्यंतही त्यांना चालवले नाही. तळपायात बाभळीचा काटा मोडला होता, ती जखम महिनाभर भरत नव्हती. त्या जखमेसाठी म्हणून दवाखान्यात नेले आणि तेथे बोटाच्या टोकावरच्या एका थेंबाने दोन वर्षांचे कोडे उलगडले. उपाशीपोटी साखर अडीचशेच्या वर होती.

पाय वाचला. आत्या आता औषध घेतात, खातात ते मोजून, आणि ताक पितात. योनिमार्गाच्या त्रासावर डॉक्टरीणबाईंनी थोड्या दिवसांचे साधे औषध दिले आणि तो गेला. ते औषध कँडिडावरच होते, हे येथे नमूद करायला हवे. कँडिडाचा विकार हे थोतांड नव्हे. चारांतील तीन स्त्रियांना तो आयुष्यात केव्हातरी होतो. कवळी वापरणारे, दम्याचा फवारा घेतल्यावर चूळ न भरणारे, दीर्घकाळ अँटिबायोटिक वा स्टेरॉइड घेणारे, एचआयव्हीग्रस्त, अतिदक्षता विभागातले रोगी, या सर्वांना तो गाठतो. रक्तात शिरलेली कँडिडा प्राणघातक असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या धोकादायक बुरशींच्या यादीत सर्वांत वरच्या गटात कँडिडा अल्बिकन्स आणि औषधांना दाद न देणारी कँडिडा ऑरिस या दोघी आहेत. म्हणूनच तिचे नाव थकव्यापासून खिन्नतेपर्यंत कशालाही चिकटवणे परवडणारे नाही. वारंवार पांढरे जात असेल, खाज परत परत येत असेल, तोंडात थर जमत असेल, तर प्रथम तपासणी करावी आणि त्या तपासणीत रक्तातील साखर असावी. पेल्यात थुंकून काही कळत नाही.

ही गोष्ट सांगताना आमचा स्वतःचा दोष झाकायचा नाही. पेल्याची चाचणी खोटी आहे हे आम्हांला पहिल्याच वर्षी कळले होते. आत्यांना वाईट वाटेल, सणाच्या दिवशी कशाला, म्हणून आम्ही ते बोललो नाही. शिवाय खाजेसारख्या विषयावर भाच्याने आत्याशी बोलावे अशी आपल्या घरांची रीत नाही. त्या संकोचातच तो कागद दोन वर्षे सुखाने फडताळावर राहिला. कागद देणाऱ्याने तेवढे तरी केले होते: त्याने आत्यांना त्यांच्या त्रासाविषयी विचारले होते.

फडताळाच्या दारावर आता त्या कागदाच्या चार कोपऱ्यांचे डिंकाचे डाग तेवढे आहेत. मागच्या पाडव्याला आत्यांनी पाला आमच्या हातावर ठेवला, आपल्या हातावर ठेवला, आणि गुळाचा हरभऱ्याएवढा खडा त्यात घातला. "एवढा चालतो," म्हणाल्या, "विचारून घेतलंय."